सोयगावात समुद्राचा काचहौद : बांधणी, पाणी आणि उरणारे मीठ

हे शीर्षक वाचून आमच्या नेहमीच्या वाचकांस थोडा अचंबा वाटेल. सोयगाव तालुक्याचा बहुतेक भाग अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी पसरलेला आहे. पिके कापूस व मका यांची, पाणी विहिरींचे व बोअरचे, आणि मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या घरात. अशा ठिकाणी कोणी घरात समुद्र आणून ठेवू पाहील आणि त्याविषयी शेतीच्या पत्रिकेत लिहिण्याची पाळी येईल, असे आम्हांसही वाटले नव्हते. परंतु २०२२ च्या दिवाळीनंतर येथील एका बागायतदाराचा पदवीधर मुलगा वहीवर काढलेला एक नकाशा घेऊन माझ्याकडे आला. दिवाणखान्यात सहा फूट लांबीचा काचेचा हौद बांधावा, त्यात खारे पाणी, प्रवाळाचे खडक व रंगीत मासे ठेवावेत, आणि लेणी पाहण्यासाठी फर्दापूरकडे जाणाऱ्या पाहुण्यांस ते दाखवावे, अशी त्याची हौस होती. आम्ही शेततळ्यांची कामे पाहतो, पाण्याचे नमुने तपासतो, तेव्हा हेही आम्हांस कळत असावे, अशी त्याची भाबडी समजूत.

हौद झाला आणि तो आजही आहे. त्या कामातील पुष्कळ गोष्टी नीट जमल्या. एका बाबतीत मात्र मी दिलेला सल्ला साफ चुकला आणि त्याचा भुर्दंड शेजारच्या विहिरीस पडला. अशी हौस आता लहान गावांतूनही दिसू लागली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास उद्या कोणी हाच प्रश्न विचारला, तर त्याच्या हातून तीच चूक होऊ नये, याकरिता हा सर्व वृत्तांत येथे देत आहे.

प्रवाळाविषयी आधी

प्रवाळ हा दगड नव्हे, तो प्राणी होय. लहान लहान जीव एकमेकांस चिकटून राहतात, समुद्रातील चुना घेऊन आपले घर बांधतात, आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पुरवितात. आपल्या राज्यात प्रवाळ पाहावयाचे तर मालवणास जावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर ते आहेत आणि तो भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे.

समुद्री जीव काचेच्या हौदात ठेवण्याची विद्या फार जुनी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये असे मत्स्यघर प्रथम उघडले. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि पुढे कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत तेच पाहिले. पण ते समुद्राच्या काठावर उभे होते. सोयगावास समुद्र पोत्यातून आणावा लागतो, आणि एकदा आणला की तो परत जात नाही. पुढील सर्व हकिगतीचे मूळ या एका फरकात आहे.

मुलाच्या नकाशात जिवंत प्रवाळ होता. तो मी पहिल्याच दिवशी खोडावयास लावला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ मध्ये घातले गेले. वाघास जे संरक्षण, तेच प्रवाळास. काळा प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे त्याच यादीत आहेत. समुद्रघोडे व समुद्रकाकड्या यांनाही हात लावता येत नाही. जिवंत असो, वाळलेला असो वा शोभेचा तुकडा असो, समुद्रातून काढलेला प्रवाळ घरी ठेवणे हा गुन्हा आहे. दुकानदार ‘परदेशी माल’ म्हणून जे दाखवितात त्यासही कागदपत्रे लागतात. तो घेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारावे. मुलगा खट्टू झाला. परंतु मासे, खडक व वाहते पाणी यांचा हौद कायद्यात बसवून उत्तम करता येतो, हे त्यास पटविल्यावर कामास सुरुवात झाली.

जागा, वजन व बांधणी

हौद सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच धरला. काठापासून थोडी जागा सोडून त्यात सुमारे ६०० लिटर पाणी राहते. त्याखाली १२० लिटरची दुसरी लहान टाकी. एक लिटर समुद्रजल एक किलोहून थोडे अधिक भरते. त्यात काचेचे व खडकांचे वजन मिळविले म्हणजे सगळा भार साडेनऊ क्विंटलच्या आसपास जातो, म्हणजे कापसाच्या साडेपाच गाठींहून अधिक. तो जेमतेम बारा चौरस फूट जागेवर येतो. चौरस फुटास ८० किलो झाले. राहत्या घराचा सिमेंटचा मजला सामान्यतः चौरस फुटास १९ किलोच्या आसपास चल भार धरून आखलेला असतो. तेव्हा वरचा मजला, धाब्याचे घर, किंवा खाली बळद असलेली खोली यांचा विचारच करू नये. तळमजल्यावर, खाली मुरूम ठोकून भक्कम केलेल्या जोत्यावर, भिंतीलगत जागा निवडावी. उन्हाची तिरीप थेट येईल अशी खिडकी शेजारी नसावी.

शहरात लोखंडी घोडी वापरतात, पण मिठाच्या शिंतोड्याने लोखंड दोन वर्षांत पोखरते. आम्ही विटांचे तीन खांब बांधून त्यांवर कडप्प्याची जाड फरशी टाकली, पाणसळ लावून तिची पातळी पाहिली, आणि वर इंचभर थर्माकोलचा तक्ता अंथरला. फरशीत एक खडा राहिला तरी तळकाच त्या ठिकाणी तडकते. थर्माकोल तो दोष पोटात घेतो. गावच्या गवंड्याने हे काम एका दिवसात केले, आणि सांगावयास हरकत नाही, त्याची पातळी माझ्या पाणसळीपेक्षा त्याच्या नळीच्या पाण्यानेच अधिक बिनचूक निघाली.

काच बारा मिलिमीटर जाडीची घेतली व वरच्या काठाने आडव्या काचपट्ट्या चिकटविल्या. या पट्ट्या दिसावयास क्षुल्लक, परंतु त्या नसतील तर पाण्याच्या दाबाने लांब काच मध्यभागी फुगते. सांध्यांचे सिलिकॉन साधे असावे. न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन माशांस घातक आहे. सांधे आठवडाभर वाळू द्यावेत, नंतर हौद अंगणात नेऊन साध्या पाण्याने भरावा आणि तीन दिवस पाहावा. आमच्या हौदाचा एक कोपरा दुसऱ्या दिवशी पाझरला. तो सोलून पुन्हा चिकटवावा लागला. हे दिवाणखान्यात घडले असते तर घरच्या मंडळींनी तेव्हाच सर्व प्रकरण संपविले असते.

खालच्या टाकीचा उपयोग असा : हौदाच्या वरच्या काठाशी ठेवलेल्या खाचेतून पाणी आपोआप खाली उतरते, खालच्या टाकीत गाळले जाते आणि लहान पंपाने पुन्हा वर जाते. त्याच टाकीत फेस काढणारे यंत्र असते. खाऱ्या पाण्यात बारीक हवा मारली की माशांच्या विष्ठेतील चिकट द्रव्ये फेसाबरोबर वर येतात आणि पेल्यात जमतात; गूळ करताना काहिलीवरची मळी काढतात, तसाच प्रकार. येथे एक हिशेब विसरू नये. वीज गेली म्हणजे पंप थांबतो, पण खाचेच्या पातळीपर्यंतचे वरचे पाणी खाली उतरतच राहते. या हौदात पातळी दोन सेंटिमीटर उतरली तरी सुमारे २२ लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा खालच्या टाकीत नेहमी रिकामी हवी. परतीच्या नळीचे तोंडही पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवावे, नाहीतर तीच नळी उलटी वाहून हौद ओढून घेते.

खडकांसाठी कोकणातून काहीही आणले नाही. पांढरे सिमेंट व कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा कालवून सच्छिद्र खडक ओतले. सिमेंटचा उग्रपणा जाण्यासाठी ते सहा आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवले व पाणी वरचेवर बदलले. आपल्याकडचा भोकाभोकांचा काळा पाषाणही चालतो. मात्र गंजाचे डाग असलेला घेऊ नये, आणि लेण्यांच्या वा अभयारण्याच्या हद्दीतून एक खडाही उचलू नये. तळाशी वाळूऐवजी तोच शिंपल्यांचा चुरा धुऊन पसरला. तो चुना असल्याने पाण्याचा सामू खाली घसरू देत नाही.

पाणी, मीठ आणि नत्र

जाडे मीठ पाण्यात टाकले म्हणजे समुद्र होतो, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांपैकी साधे मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. बाकी मॅग्नेशियम, गंधक, चुना व पालाश यांचे क्षार. मिठागरात मिठाचे स्फटिक उचलून घेतात व हे बाकीचे क्षार कडू पाण्यात मागे राहतात, म्हणून बाजारच्या मिठात ते नसतात. यास्तव मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्रणच वापरावे लागते. आमच्या ७०० लिटरला ते २५ किलोच्या आसपास लागले. मीठ मोजण्यासाठी द्राक्ष बागायतदार साखर पाहण्यास डोळ्याशी धरतात तशाच जातीचे उपकरण असते, फक्त त्याची पट्टी निराळी. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ असावे.

बोअरचे पाणी थेट चालत नाही. त्यात कठीणपणा असतो आणि शेतांतून झिरपलेले नायट्रेटही असते. आर.ओ. यंत्राचे पाणी घ्यावे लागते, आणि ते यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकते असे धरले, तर पहिल्या भरणीसच २१०० लिटर पाणी बाजूला पडते. टंचाईच्या गावी हे चालणार नाही, हे स्पष्ट बोलावे. या घरी ते पाणी सांडू न देता पिंपात धरून गोठा व भांडी धुण्यास वापरतात, म्हणून मी संमती दिली.

हौदाच्या उघड्या पाण्यातून उन्हाळ्यात रोज पाच ते दहा लिटर पाणी उडून जाते. उडते ते निव्वळ पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून तूट भरून काढावयाची ती गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे. शेतकऱ्यांस हा नियम नवा वाटू नये. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीस पाणी देत राहिले, ते पाणी उन्हाने उडत राहिले, म्हणजे क्षार वर येऊन जमीन खारवट होते, ती याच नियमाने.

दुसरा ओळखीचा नियम नत्राचा. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो आणि तो माशांस विष आहे. जिवाणूंची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. आपण युरिया टाकतो तेव्हा जमिनीत हेच घडते आणि पीक ते नायट्रेट उचलते. नव्या हौदात हे जिवाणू नसतात. ते खडकांच्या छिद्रांत वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकही मासा सोडू नये. चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी तपासणी करावी. पेरणीआधी वाफसा येऊ द्यावा लागतो, तशीच ही वाट पाहणे आहे. आमच्या मुलाने ती पाहिली, हे त्याचे कौतुक. बहुतेकांचे मासे पहिल्याच पंधरवड्यात मरतात ते या घाईने.

हौदात पीक नसते, म्हणून नायट्रेट साचत जाते. ते कमी करण्यासाठी थोडे थोडे पाणी काढून नवे खारे पाणी घालतात. पुस्तकी सल्ला आठवड्यास दहावा हिस्सा बदलण्याचा असतो. तोच आम्ही डोळे झाकून पाळला.

उष्मा, वीज व फवारणी

या माशांस २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. आपल्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर माठ थंड होतो त्याच रीतीने पाणी दोन-चार अंश उतरते. कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, पावसाळी दमट हवेत फारसा नाही. कडक उन्हाळ्यात शीतयंत्रावाचून गत्यंतर नसते. पंप चोवीस तास, दिवा आठ तास व शीतयंत्र जरुरीप्रमाणे, असे मिळून उन्हाळ्यात दिवसास सात युनिटपर्यंत वीज जाते. महिन्याचे दोनशे युनिट हौसेखाली गेले, हे घरच्या कर्त्या माणसास आधी सांगावे. मळ्यातील ज्या घरांस शेतीपंपाच्या, आलटून-पालटून येणाऱ्या विजेचाच आधार आहे, तेथे असा हौद बांधूच नये.

२०२३ च्या मे महिन्यात वळवाच्या वादळाने तारा तुटल्या आणि चौदा तास वीज नव्हती. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्याहून सुमारे पाचव्या हिश्शाने कमी विरतो, आणि पाणी तापले की आणखी घटतो. बॅटरीवरचा हवापंप घ्यावा असे मी सांगितले होते, तो ‘पुढच्या महिन्यात’ म्हणून राहिला होता. घरच्या माणसांनी पाळीपाळीने तांब्याने पाणी उचलून उंचावरून ओतत रात्र काढली. चार माशांपैकी दोन वाचले. दुसऱ्याच दिवशी हवापंप आला.

कापसाच्या टापूतील आणखी एक धोका शहरी पुस्तकांत सापडत नाही. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांस व कोळंबीवर्गीय जिवांस अत्यल्प मात्रेतही मारक आहेत. फवारणी करून आलेला हात नुसता धुऊन हौदात घालू नये. साबणाने अंघोळ व कपडे बदलल्यावाचून हौदाजवळ जाऊच नये. शेजारच्या शेतात फवारणी चालली असेल तर हवापंप खोलीच्या आतली हवा ओढील असे पाहावे. डास घालविण्याच्या वड्या व द्रव यांतही त्याच वर्गातील औषध असते. मोरचूद तर हौदाच्या आसपासही नको.

मासे निवडतानाही हाच विवेक ठेवावा. विदूषक मासा, ज्यास बाजारात क्लाउन म्हणतात, त्याची पैदास हौदात करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बसविले आहे. समुद्रातून धरलेला मासा न घेता असा पैदास केलेलाच मागावा. तो काटक असतो, तयार खाद्य खातो, आणि समुद्रातील प्रवाळाचे खडक आपल्या हौसेपायी उजाड होत नाहीत. या माशाची एक गंमत अशी की जोडीतील मोठी मादी मेली तर उरलेला नर काही काळाने मादी होतो. हे ऐकून घरच्या आजीबाई दोन दिवस हौदासमोरून हलल्या नाहीत.

मीठ कोठे जाते

आता माझी चूक. आठवड्यास ७० लिटर जुने खारे पाणी निघू लागले, तेव्हा मुलाने विचारले, ‘साहेब, हे टाकू कुठं?’ परसात शोषखड्डा होता. सांडपाण्यासाठी आम्हीच गावोगाव शोषखड्ड्यांचा प्रचार करतो. मी म्हणालो, शोषखड्ड्यात सोडा.

सांगताना मी लेखणी हाती घेतली नाही. घेतली असती तर हिशेब दोन ओळींचा होता. आठवड्यास ७० लिटर म्हणजे वर्षास ३६४० लिटर. लिटरमागे ३५ ग्रॅम धरले की वर्षास १२७ किलो मीठ. सव्वा क्विंटल मीठ एका खड्ड्यात, जमिनीच्या पोटात. त्या खड्ड्यापासून पंधरा फुटांवर शेजारच्या काकूंची विहीर आहे. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते एक लाख लिटरच्या आत-बाहेर भरते. सगळे मीठ त्यात उतरले असे धरले, तर लिटरमागे सव्वा ग्रॅमहून अधिक क्षार वाढले. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे अर्धा ग्रॅम असावेत आणि दुसरी सोय नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालतील, असे भारतीय मानक आहे. सर्वच मीठ विहिरीत जात नाही हे खरे, पण काळ्या पाषाणातील भेगा कोणत्या दिशेने पाणी नेतील हे वरून कोणास सांगता येते? समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ५० डेसिसायमनच्या वर असते. तीनच्या वर गेलेले पाणी बहुतेक पिकांस देऊ नये असे आम्ही स्वतः शेतकऱ्यांस सांगत असतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत काकूंच्या परसातील लिंबाच्या पानांची टोके करपू लागली. त्यांनी पालाशाची कमतरता असेल म्हणून पान दाखविण्यास आणले. मी ते पाहून खताचा सल्लाही देऊन टाकला असता. पण त्या निघता निघता म्हणाल्या, ‘अन् साहेब, डाळ शिजंना झालीय हो. पाणी मचूळ लागतंय.’ तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्याच दिवशी विहिरीचा नमुना घेतला. त्यांच्या मुलाने पूर्वी करून घेतलेल्या पाणीतपासणीचा कागद घरात होता, म्हणून तुलना करता आली. क्लोराइड व सोडियम दोन्ही वाढलेले होते. मी काकूंस खरे ते सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘तुमच्या समुद्रानं माझी विहीर खारट केली म्हणायची.’

खड्ड्यात पाणी सोडणे त्याच संध्याकाळी बंद झाले. बागायतदाराने काकूंच्या घरी पिण्याच्या पाण्याचे जार आपल्या खर्चाने सुरू केले. लिंबाच्या आळ्यातील वरची माती काढून नवी भरली. २०२४ च्या पावसाळ्यात नाला भरून वाहत असताना विहीर दोनदा उपसली, म्हणजे उपशाचे पाणी वाहत्या पुरात मिसळून विरळ व्हावे. कोरड्या नाल्यात ते सोडले असते तर खालच्या शेताचे नुकसान झाले असते.

पाण्याची विल्हेवाट आता अशी लावतात. प्रथम खाद्य निम्म्यावर आणले. चार लहान माशांस पूर्वी आठ माशांचे अन्न पडत होते. खालच्या टाकीत समुद्री शेवाळ वाढविले, ते नायट्रेट खाते आणि महिन्यास एकदा मूठभर काढून टाकता येते, पिकाची कापणी करावी तसे. त्यामुळे पंधरवड्यास ३५ लिटर पाणी बदलून भागते आणि वर्षाचे मीठ १२७ वरून ३२ किलोवर आले. हे पाणी जमिनीवर न टाकता दीड मीटर लांब व एक मीटर रुंद अशा उथळ वाफ्यात सोडतात. वाफ्यास शेततळ्याचे जाड प्लॅस्टिक अंथरले आहे. कोरड्या दिवसांत पाच-सहा दिवसांत पाणी उडून पांढरे मीठ उरते. पावसाळ्यात वाफा झाकून ठेवतात व चार महिन्यांचे तीनशेपंधरा लिटर पाणी दोनशे लिटरच्या दोन पिंपांत साठवितात, दसऱ्यानंतर ते वाफ्यात घेतात. उरलेले मीठ जनावरांस चाटण्यास देऊ नये; ते स्वच्छ खाण्याचे मीठ नव्हे. कोकणात नारळास मीठ घालतात, मग आपल्या झाडांस का नको, असेही एकाने विचारले. तेथील निचऱ्याची जमीन व धो धो पाऊस येथे नाही. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम गेला की तिची पोत बिघडते, ती चिकट व घट्ट होते, आणि पाणी मुरेनासे होते. ते मीठ झाकणाच्या पिंपात साठवून ठेवले आहे. मुंबईस कापड भरावयास जाणाऱ्या ट्रकबरोबर वर्षातून एकदा ते पोते धाडावे आणि समुद्रास परत द्यावे, असा घरच्यांचा बेत आहे.

असा हौद पाहण्यास कोणी आमच्या कार्यकर्त्यांस बोलाविले, तर त्यांनी आधी काचेकडे न पाहता परसाकडे जावे. जुने पाणी कोठे जाते ते विचारावे, जवळची विहीर किती फुटांवर आहे ते पावलांनी मोजावे आणि त्या विहिरीच्या पाण्याचा नमुना हौद भरण्याआधीच घेऊन ठेवावा. पाहुण्यांना काही दाखवावयाचे एवढाच हेतू असेल तर गोड्या पाण्यातील वनस्पतींचा हौद चौथ्या हिश्श्याच्या खटपटीत होतो, आणि त्याचे नत्रयुक्त जुने पाणी भाजीच्या वाफ्यास थेट देता येते. मला विचारले तर मी हाच सुचवीन. पण हौस ही हिशेबाने होत नसते, हेही अनुभवाने कळले आहे.

सोयगावच्या त्या हौदात आज दोन विदूषक मासे, पाच लहान निळे मासे व काही गोगलगाई आहेत. खडकांवर जांभळट लेप चढू लागला आहे आणि तो खराच समुद्रातला वाटतो. लिंबास गेल्या बहारात थोडी फळे धरली. काकूंच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर उतरते आणि उन्हाळ्यात पुन्हा मचूळ होते, मात्र पहिल्याइतके नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मीटर घेऊन त्यांच्याकडे जातो, आकडा त्यांच्या दारामागच्या कॅलेंडरवर लिहितो, आणि पिण्याच्या पाण्याचे जार अजून चालू आहेत ना, ते पाहून परततो.